बास्त शो

"बास्त शो," हेर झाइटलर म्हणाले, तसा वसुधाने चटकन हात मागे घेतला.

तिच्या हातात काचेची बाटली होती. बाटलीत औषधांच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं, आणि समोर तळघरातल्या फळीवर एक काळी, चौकोनी, भलती जड बॅटरी बसली होती. बॅटरीला तीन कप्पे, तीन बुचं. बूच उघडायचं, आत डोकवायचं आणि शिशाच्या पट्ट्यांवर बोटभर पाणी दिसेपर्यंत थेंब थेंब ओतायचं. झाइटलरांचे हात अलीकडे कापायचे, म्हणून ओतायचं काम वसुधाकडे आलं होतं. चष्मा कपाळावर चढवून म्हातारा कप्प्यात बघायचा आणि पाणी हवं तिथं आलं की म्हणायचा, "बास्त शो." वसुधा थांबायची. तिन्ही कप्पे बिनचूक भरले आणि दोघंही एकमेकांवर खूष झाले.

"अहो, यांच्यातही 'बास'च म्हणतात बरं का," संध्याकाळी तिनं श्यामकांतला सांगितलं.

"म्हणत असतील," पुस्तकातून मान वर न काढता श्यामकांत म्हणाला. "संस्कृत आणि जर्मन एकाच कुळातल्या भाषा. पुष्कळ शब्द सारखे आहेत."

श्यामकांत खांबेटे एर्लांगनच्या विद्यापीठात काचेवर डॉक्टरेट करत होता. त्याला पुष्कळ गोष्टी माहीत होत्या, आणि ज्या माहीत नव्हत्या त्याही तो त्याच आवाजात सांगत असे. त्याचे प्रोफेसर हॅम्बुर्गचे, त्यांचं जर्मन इस्त्री केल्यासारखं. बाकीची मंडळी त्याच्याशी हौसेनं इंग्रजी बोलायची. त्यामुळे न्युरेम्बर्गच्या बाजूची साधी माणसं घरात, बाजारात काय बोलतात याच्याशी त्याचा फारसा संबंध येत नव्हता. वसुधाचा मात्र दिवसभर त्यांच्याशीच संबंध होता. त्यांच्याशी म्हणजे मुख्यतः हेर झाइटलरांशी. तिनं साताऱ्याला पहिल्यांदा लिहून कळवलं होतं की आमचे घरमालक हेर झाइटलर फार सज्जन आहेत, तेव्हा आईनं घाबरून विचारलं होतं, की अशा गुप्त पोलिसांच्या घरात राहायची वेळ का आली?

झाइटलर रेल्वेत सिग्नल सांभाळायचे, आता पेन्शनीत होते. घर न्युरेम्बर्ग शहराच्या वेशीवर, तीन मजली. खाली ते स्वतः राहायचे. मधला मजला बायको गेल्यापासून कुलूपबंद होता. आणि अगदी वर, कौलांच्या खाली, जिथं मधोमधच काय ते सरळ उभं राहता येई अशा एका खोलीत खांबेटे राहत. भाड्यानं देताना म्हाताऱ्यानं दोन बोटं वर करून दाखवली होती. दोन माणसं. श्यामकांतनं "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, म्हणून मान डोलावली होती.

अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली झाइटलरांचा कॅरॅव्हॅन उभा असे. दोन चाकांवरचं, मोटारीच्या मागं जोडायचं अंड्यासारखं गोल घर. आत दोन बाकं, एक टेबल, चूल आणि टेबलावर एक दिवा. पडदे बायकोनं, ग्रेटानं, शिवलेले. उन्हाळ्यात दोघं तो घेऊन तळ्याकाठी जायची. ती गेल्यावर झाइटलर कुठंच गेले नाहीत, पण ऑक्टोबर आला की सगळे सोपस्कार तसेच व्हायचे. पडदे उतरवायचे, चाकांखाली लाकडं द्यायची आणि बॅटरी काढून तळघरात आणायची. वसंतात ती पुन्हा बसवायची, दिवा लावायचा आणि थोडा वेळ आत जाऊन बसायचं. एवढ्यासाठी हिवाळाभर तिची उस्तवार.

त्या वर्षी तळघरातली बॅटरीखालची फळी कुजलेली निघाली. दगडी जमिनीवर बॅटरी ठेवायची नाही, असा झाइटलरांचा नियम. म्हातारा लाकूड शोधत फिरायला लागला तेव्हा वसुधा वर गेली आणि ट्रंकेतला शिसवी पाट घेऊन आली. "जर्मनीत पाट कशाला?" म्हणून श्यामकांतनं बोटीवर चढेपर्यंत तिची थट्टा केली होती. आता त्या पाटावर बॅटरी जावयासारखी बसली. झाइटलरांनी पाटाखालच्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बास्त शो." वसुधाला वाटलं, आता बास, आणखी काही आणू नका म्हणतायत. ती आणखी काही आणणारही नव्हती.

बाकीचं त्यांनी तिला हळूहळू समजावलं. भिंतीवरच्या खिळ्याला एक काचेची नळी टांगलेली होती. तिला वर रबराचा फुगा. नळीनं कप्प्यातलं अ‍ॅसिड ओढायचं. आतला छोटा काचेचा तरंगता वर राहिला तर बॅटरी भरलेली, खाली बुडाला तर रिकामी. रिकामी होत आली की चार्जर लावायचा आणि गॅस साचू नये म्हणून खिडकी उघडी ठेवायची. भरलेली बॅटरी गोठत नाही. रिकामी गोठते, आणि गोठली की फुटते.

"कापूट," झाइटलर म्हणाले आणि दोन्ही हात हवेत उडवले.

त्यानंतर आठवड्याभरातच कॅरॅव्हॅनवर ताडपत्री बांधताना ते स्टुलावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली तेव्हा अंगणात वसुधाच होती. स्ट्रेचरवरून म्हातारा तिला एकच म्हणाला, "बॅटरी." ती म्हणाली, "जा, हेर झाइटलर. मी." पुढचं क्रियापद तिला सुचलं नाही, पण त्यांना कळलं.

तिला तेव्हा तिसरा महिना लागला होता.

आणि घरात रोज तोच विषय होता. बाळ आलं की दोनाची तीन माणसं होणार. कौलाखाली पाळणा टांगायला जागा नाही, जिना शिडीसारखा, आणि मुळात म्हातारा ठेवून घेईल की नाही याचाच भरवसा नाही. श्यामकांत दर शनिवारी दुसऱ्या जागा बघून यायचा. लोक दार उघडायचे, त्याच्या रंगाकडे बघून जरा थबकायचे, तरीही आत घ्यायचे. "मूल होणार आहे" म्हटलं की मात्र दार बंद. मधला मजला डोळ्यांसमोर रिकामा होता. वर जाता-येता वसुधा त्या कुलपाकडे बघायची.

"इतक्यात काही विचारू नकोस," श्यामकांत म्हणाला. "माणूस हॉस्पिटलमध्ये पडलाय. बरं दिसत नाही."

"नाही विचारत," ती म्हणाली, आणि मंगळवारी बटाट्याची भजी करून एकटीच हॉस्पिटलमध्ये गेली.

म्हाताऱ्याचा पाय वजनाला टांगलेला होता. त्यांनी दोन भजी खाल्ली, बोटं पुसली आणि म्हणाले, "बास्त शो." तिनं डबा मिटला. नेहमी असंच व्हायचं. काहीही करून दिलं तरी ते जेमतेम दोन घास खाऊन बास म्हणायचे. त्यांना आपलं तिखट आवडत नाही, पण बिचारे मन मोडत नाहीत, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. डबा बंद होताना झाइटलर त्याच्याकडे बघत राहिले.

मग तिनं बसमध्ये घोकलेली वाक्यं म्हणून टाकली. "हेर झाइटलर, मला मूल होणार. वर जागा लहान. पहिल्या मजल्यावरच्या खोल्या... आम्ही... बिट्ट, प्लीज?"

म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला. इतका वेळ बघत राहिला की वसुधाला वाटलं, आपलं जर्मन पोचलंच नाही. मग तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "बास्त शो." आणि थोड्या वेळानं, "हेंग्ट बाय दर बॅटरी."

नर्स ताप बघायला आली आणि वसुधाला उठावं लागलं.

बास. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मरणपंथाला लागल्यासारख्या पडलेल्या माणसाकडे आपण घर मागायला गेलो, आणि त्यानं बास म्हटलं. बसमध्ये तिला रडू आवरेना. समोरच्या बाईनं तिला रुमाल देऊ केला.

घरी आल्यावर सगळं सांगावंच लागलं. श्यामकांत आधी चिडला, मग विचारात पडला.

"बास म्हणाले. आणि पुढं काय म्हणाले?"

"हेंग्ट... कायतरी... बॅटरी."

त्यानं डिक्शनरी काढली. "हेंग्ट. हेंग्ट आब, म्हणजे अवलंबून असणं. शेवटचा तुकडा तू ऐकला नसशील. बॅटरीवर अवलंबून आहे." त्यानं डिक्शनरी मिटली. "म्हणजे आता विषय बास, बॅटरी नीट सांभाळलीत तर पुढचं बघू. परीक्षा घेतोय म्हातारा."

"असं म्हणाले असतील?"

"जर्मन माणूस आहे. उगाच शब्द देणार नाही."

वसुधानं डोळे पुसले. नकारापेक्षा परीक्षा बरी. परीक्षेचं तिला भय नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून बॅटरीची बडदास्त सुरू झाली. श्यामकांतनं सांगितलं की टर्मिनलना ग्रीस लाव, नाहीतर गंज चढतो. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन वसुधानं ग्रीस मागितलं. दुकानदारीणबाईनं विचारलं, मोठं पाकीट की छोटं? वसुधाला आश्चर्य वाटलं, पण जर्मनी आहे, इथं ग्रीससुद्धा पाकिटात मिळत असेल, म्हणून तिनं छोटं घेतलं. तळघरात जाऊन उघडलं तर आत रवा! जर्मनमध्ये रव्याला ग्रीस म्हणतात हे तिला असं कळलं. वर्षभर ती रव्याच्या शोधात होती. त्या दिवशी टर्मिनल कोरडीच राहिली आणि घरात शिरा झाला. टर्मिनलना मग औषधांच्या दुकानातलं व्हॅसलिन लागलं.

व्हॅसलिन बोटाला जास्तच आलं की ती वाया घालवायची नाही. खिळ्यावर काचेच्या नळीमागं एक जुनी, लांब दांड्याची किल्ली टांगलेली असे. कशाची ते तिला माहीत नव्हतं, कॅरॅव्हॅनची असेल. दुसऱ्याच्या किल्लीला हात लावू नये ही आईची शिकवण. पण तळघरातल्या ओलीनं ती गंजायला लागली होती, तेव्हा उरलेलं व्हॅसलिन ती त्या किल्लीला पुसायची आणि परत होती तशी टांगायची.

डिसेंबरात श्यामकांतनं जहाजाची चौकशी करून आणली. जेनोआहून मुंबई. सातवा लागायच्या आत निघायला हवं.

"तू साताऱ्याला जा. आईकडे बाळंतपण नीट होईल. माझं संपलं की मी येतोच."

"कधी संपणार?"

"दोन वर्षं. फार तर अडीच."

"म्हणजे पोर तुम्हाला काका म्हणायला लागलं की याल."

"मग काय करू? जागा आहे का कुठं? म्हातारा हॉस्पिटलमधून परस्पर बहिणीकडे जाऊन बसलाय, एप्रिलपर्यंत येत नाही. तेव्हा तो नाही म्हणाला तर तान्हं मूल घेऊन रस्त्यावर उभं राहायचं?"

वसुधा म्हणाली, "आणि बॅटरी?"

"अगं, बॅटरी काय घेऊन बसलीस!"

"शब्द दिलाय मी. आणि तुम्हीच म्हणालात ना, बॅटरीवर आहे सगळं? मी गेले तर तुम्ही बघणार? तुम्हाला स्वतःच्या चहातली साखर आठवत नाही. मला पाळण्याजवळ त्याचा बाप हवाय. ती बॅटरी मी मरू देणार नाही, आणि मी कुठं जाणारही नाही."

जहाज तिच्याविना गेलं. श्यामकांत वरून रागावलेला होता, पण त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

नाताळात तो बांबेर्गजवळच्या खेड्यात, त्या बहिणीकडे जाऊन झाइटलरांना भेटून आला. खोल्यांचा विषय काढायचा नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. म्हाताऱ्यानंच विचारलं, "वर ऊब असते ना?"

"जा, जा. वर सगळं ठीक," श्यामकांत म्हणाला. कौलाखाली खरं तर त्यांचे दात वाजत होते, पण परीक्षा चालू असताना तक्रार कशी करायची?

"आणि बॅटरी?"

"भरलेली."

म्हाताऱ्यानं समाधानानं मान हलवली आणि झोपी गेला.

जानेवारीत मात्र थंडीनं कहर केला. असा हिवाळा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, असं दुकानदारीणबाई रोज सांगायची. नद्या गोठल्या, नळ गोठले. एका दुपारी वसुधा तळघरात उतरली तर कोपऱ्यातल्या बादलीत बर्फ! तिनं नळीनं अ‍ॅसिड ओढून पाहिलं. तरंगता पार खाली. मागच्या वेळी चार्जरची वायर नीट बसलीच नसावी. रिकामी बॅटरी, आणि बादलीत बर्फ.

हात बधिर झालेले. तिनं वायर काढून टोकं घासली, पुन्हा लावली, बुचं सैल केली. चार्जर गुणगुणेना. पुन्हा काढली, पुन्हा घासली. "लाग बाई, लाग," ती मराठीत म्हणाली. जर्मनमध्ये विनवणी करण्याइतकी तिची तयारी नव्हती. तिसऱ्या खेपेला चार्जर गुणगुणायला लागला. मग तिनं वर जाऊन आईनं बाळासाठी बोटीनं पाठवलेली गोधडी आणली, बुचं मोकळी ठेवून बॅटरीच्या चारी बाजूंनी गुंडाळली, खिडकी बोटभर उघडली आणि कोट घट्ट आवळून जिन्यात बसून राहिली.

श्यामकांत आला तो शोधत शोधत खाली आला.

"वसुधा! अगं वेडी आहेस का? आणि ही बाळाची गोधडी?"

"बाळ अजून आत ऊबेत आहे. ही उघडी आहे."

"गोधडीला अ‍ॅसिड लागेल. भोकं पडतील."

"पडू देत. ठिगळं लावीन."

तो वर जाऊन चहा करून घेऊन आला आणि तिच्याशेजारी पायरीवर बसला. चार्जर गुणगुणत होता. थोड्या वेळानं त्यानं स्वतः उठून नळीनं अ‍ॅसिड ओढलं आणि दिव्यासमोर धरलं.

"चढतोय," तो म्हणाला. त्यानंतर तोही रोज बॅटरीची चौकशी करायला लागला, घरात आजारी माणूस असावं तशी.

गोधडीला भोकं पडलीच. धुतल्यावर दिसली.

एप्रिल लागला आणि झाइटलर आले. टॅक्सीतून काठी आधी उतरली, मग म्हातारा. वाळला होता. वसुधाचे दिवस भरत आले होते. त्यांनी तिच्याकडे बघून टोपी काढली आणि घरात न जाता थेट अंगणाकडे वळले.

श्यामकांतनं बॅटरी उचलून आणली. कॅरॅव्हॅनच्या बाकाखाली ती बसवायला त्याला बराच वेळ लागला, कारण म्हातारा काठीनं सूचना देत होता. वसुधा दाराशी उभी होती. एका हातानं दार धरलेलं, दुसरा पोटावर. आत अंधार आणि बंद घराचा वास. झाइटलर बाकावर बसले, टेबलावरच्या दिव्याच्या खटक्यावर बोट ठेवलं आणि थांबले.

खटका वाजला. पिवळा उजेड टेबलावर पडला.

झाइटलर त्या उजेडाकडे बघत राहिले. समोरच्या रिकाम्या बाकाकडेही त्यांनी एकदा पाहिलं. मग म्हणाले, "बास्त शो."

झालं. एवढंच. वसुधा वाट बघत राहिली. श्यामकांत वाट बघत राहिला. म्हातारा दिव्याखाली हात चोळत बसला. पास की नापास? शेवटी वसुधाला राहवलं नाही. हिवाळाभर दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं आणि ती जवळजवळ ओरडली, "आणि खोल्या?"

"कुठल्या खोल्या?"

"पहिल्या मजल्यावरच्या."

झाइटलर गोंधळले. "का? शेगडी धूर करते का? चिमणी साफ करायला हवी. मी तुमच्या यजमानांना विचारलं होतं, वर ऊब असते ना. ते म्हणाले, असते."

श्यामकांत पुढं आला. "हेर झाइटलर, आम्ही अजून कौलाखालीच राहतो."

"कौलाखाली?" म्हातारा काठीवर भार देऊन अर्धवट उठला. "या थंडीत? यांच्या या अवस्थेत? मी ऑक्टोबरातच सांगितलं नव्हतं का?"

"तुम्ही बास म्हणालात," वसुधा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मी म्हणालो बास्त शो. आणि किल्ली बॅटरीपाशी टांगली आहे, हेही सांगितलं."

श्यामकांतच्या तोंडाचा आ झाला. लॅबमध्ये त्याचे सोबती आपसात दिवसातून शंभरदा म्हणायचे, पास्ट शोन. नळी बसली की पास्ट शोन, माप जुळलं की पास्ट शोन. इथली माणसं 'प'चा 'ब' करतात, हेही त्यानं ऐकलं होतं. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं, बास नव्हे! पास्ट! पास्ट शोन म्हणजे ठीक आहे. जमलं. चालेल."

"चालेल?"

"चालेल. ते तेव्हाच चालेल म्हणाले होते. आणि हेंग्ट म्हणजे... टांगलंय."

"अवलंबून नाही?"

"नाही गं. खिळ्याला टांगलंय."

वसुधा मटकन कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. त्या खिळ्यासमोर ती अख्खा हिवाळा उभी राहिली होती. जहाज, गोधडी, बादलीतला बर्फ. ज्या किल्लीसाठी जिवाचा आटापिटा केला तिलाच ती व्हॅसलिन पुसत होती. छातीवरचा धोंडा उतरला आणि इतकं हलकं वाटलं की पोटातल्या बाळानंही लाथ मारली.

श्यामकांतनं अडखळत म्हाताऱ्याला सगळा घोळ सांगितला. मराठीत बास म्हणजे पुरे, हे कळल्यावर झाइटलर हळूच म्हणाले, "म्हणजे ती बटाट्याची भजी..."

"हो," श्यामकांत म्हणाला.

"मी म्हणायचो, छान झालीत. त्या डबा बंद करायच्या." त्यांनी मान हलवली. "मला वाटायचं, इंडियात पाहुण्याला दोनच देत असतील."

किल्ली वसुधानंच आणली. जिना तिघांनाही जड होता, एकीला पोटामुळे, एकाला पायामुळे आणि श्यामकांतला लाजेमुळे. चार वर्षं न उघडलेलं कुलूप अडेल म्हणून म्हाताऱ्यानं तेलाची बुधली बरोबर घेतली होती. तिची गरज पडली नाही. किल्ली एका झटक्यात फिरली.

आत दोन प्रशस्त खोल्या होत्या. उंच छत, मोठी शेगडी, खिडकीशी झाकून ठेवलेलं शिवणयंत्र. झाइटलर उंबऱ्यावरच थांबले. टोपी काढून हातात धरली.

"खिडक्या उघडा," ते वसुधाला म्हणाले. "ग्रेटाला बंद हवा आवडायची नाही."

तिनं एकेक करून सगळ्या उघडल्या. मग म्हातारा आत आला.

उल्काचं बारसं मे महिन्यात त्याच खोलीत झालं. एर्लांगनहून श्यामकांतच्या ओळखीचे दोन मराठी विद्यार्थी आले होते, कोपऱ्यावरची दुकानदारीणबाई आली होती. ठिगळं लावलेली गोधडी पाळण्यात होती. शिऱ्याचं पातेलं पाटावर ठेवलं होतं, आणि पाटावर अ‍ॅसिडचे पांढुरके डाग होते. ते घासूनही निघाले नव्हते.

वसुधानं पहिली ताटली झाइटलरांना दिली. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. खिडकीतून खाली कॅरॅव्हॅनकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि मग ताटलीकडे बघत, अंमळ भीत भीतच म्हणाले,

"बास्त शो."

वसुधानं पळी पुन्हा पातेल्यात घातली आणि त्यांच्या ताटलीत आणखी वाढलं.